पोर्टर आणि गँगमन

(महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीनिमित्त एप्रिल महिन्यात शिरूर येथे भरणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दौंडहून निघालेली गाडी नगर, कोपरगाव, येवला करीत मनमाडला जाते. हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्या मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती आणि तिथे बाबासाहेब बोलले होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्या भाषणातले सूत्र आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. जलशांतून ऐकले, कामगार मेळाव्यांतून ऐकले. पण त्याच भाषणात एक बारकावा आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बाबासाहेब सांगतात, की रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा होता येत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामेही करून घेतो, आणि घरात अस्पृश्य चालत नाही.

आता त्याच काळात कॅनडात काय चालले होते ते बघा. माँट्रियल, टोरंटो, विनिपेग ही तिथली मोठी रेल्वेची शहरे. त्या शहरांतल्या कृष्णवर्णीय पुरुषाला रेल्वेत एक नोकरी हमखास मिळे, ती झोपण्याच्या डब्यातल्या पोर्टरची. इंजिनवर तो जाऊ शकत नव्हता, कंडक्टर होऊ शकत नव्हता. कॉलेजात शिकलेला असला तरी पोर्टरच. म्हणजे इकडे आपल्या माणसाला पोर्टर होता येत नव्हते, आणि तिकडे त्या माणसाला पोर्टरशिवाय दुसरे काही होता येत नव्हते. दोन्हीकडे रेल्वे तीच, इंग्रजांच्याच साम्राज्यातली, आणि माणसाची जागा त्याच्या जन्मावरून ठरवण्याची रीतही तीच. म्हणून आज मी शिरूरमध्ये उभा राहून कॅनडाविषयी बोलणार आहे. त्या पोर्टरांनी, त्यांच्या बायकांनी आणि कॅरिबियन बेटांवरून मागाहून आलेल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी काय उभे केले, हे आपण समजून घेतले तर आपल्याकडे काय उभे राहिले आणि काय राहून गेले, हे जास्त स्वच्छ दिसेल असे मला वाटते.

पोर्टरचे काम नेमके काय होते, ते आधी सांगतो. प्रवासी चढण्याआधी डब्यात हजर राहायचे. सामान चढवायचे. रात्र झाली की बसण्याची आसने उलगडून बिछाने घालायचे, पडदे ओढायचे. सगळे झोपले की बाहेर काढून ठेवलेले बूट गोळा करून एकेक पॉलिश करायचा. घंटी वाजली की उठायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की चार. झोप मिळाली तर तीन-चार तास, तीही धूम्रपानाच्या खोलीतल्या बाकावर. सकाळी पुन्हा बिछाने आवरायचे. एखादा टॉवेल किंवा कंगवा हरवला तर त्याचे पैसे पगारातून कापले जात. माँट्रियलहून व्हँकूव्हरपर्यंत अनेक रात्री असे चालायचे. आणि प्रवासी त्याला हाक मारायचे ‘जॉर्ज’. असे डबे बांधणाऱ्या कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा प्रत्येक नोकर जॉर्ज. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी पद्धत इथे पगारी नोकरीत टिकून राहिली होती. टोरंटोचे स्टॅन्ली ग्रिझल जमैकाहून आलेल्या आईबापांच्या पोटी १९१८ साली जन्मले, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत पोर्टर झाले, युनियनचे पुढारी झाले. त्यांनी १९९८ मध्ये आत्मकथन लिहिले, तेव्हा त्याला नाव दिले ते या अर्थाचे, की माझे नाव जॉर्ज नाही.

आणि आपला गँगमन? दौंडच्या बाजूच्या मंडळींना मी काय सांगावे! पहार, फावडे, खोरे. रुळाखाली खडी भरायची, स्लीपर बदलायचे, उन्हाने वाकलेला रूळ सरळ करायचा. मुकादमाने सूर धरायचा आणि सगळ्या गँगने एका दमात पहारीला जोर द्यायचा, नाहीतर रूळ इंचभर हलत नाही. कीमनने हातोडा आणि पाना घेऊन रोज आपली हद्द चालत तपासायची. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त घालायची, कुठे भराव खचला, कुठे पाणी रुळावर आले ते बघायचे. वैशाखात ज्या रुळावर हात ठेवता येत नाही, त्या रुळावर हे लोक दिवसभर उभे. डब्यात बसून खिडकीतून त्यांना बघणाऱ्याला ते क्षणभर बाजूला सरकलेले, हातात लाल-हिरवे झेंडे धरलेले दिसतात, आणि गाडी पुढे जाते. फलाटावर अधिकाऱ्यांच्या नावाच्या पाट्या असतात, पायाभरणीचे दगड असतात. ज्यांनी तो मार्ग दीडशे वर्षे जागेवर ठेवला त्यांच्या नावाची पाटी मी कुठे पाहिलेली नाही.

माँट्रियलच्या पोर्टरांची वस्ती रेल्वे स्टेशनाच्या आसपास होती. त्या भागाला आज लिटल बरगंडी म्हणतात. या वस्तीने जे केले त्याचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९०२ साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्वतःचे महिला मंडळ काढले. त्यांतल्या कितीतरी जणी पोर्टरांच्या बायका होत्या. नवरे आठ-आठ दिवस गाडीवर, घर आणि वस्ती सांभाळायला याच. थंडीत कपडे पुरवणे, आजारी माणसाला बघणे, नव्याने आलेल्या कुटुंबाला आसरा देणे अशी त्यांची कामे होती. १९०७ मध्ये पोर्टरांनी स्वतःचे चर्च उभे केले, कारण गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना मान नव्हता. १९१९ मध्ये कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या संघटनेची शाखा निघाली. १९२७ मध्ये त्याच चर्चमधून समाजकेंद्र निघाले, तिथे मुलांचे वर्ग, वाचन, संगीत, खेळ सुरू झाले. मंडळ, प्रार्थनास्थळ, संघटना, शाळा, अशी ही चढती पायरी आहे.

जगप्रसिद्ध पियानोवादक ऑस्कर पीटरसन याच वस्तीतला. त्याचे वडील कॅरिबियन बेटांवरून आले आणि रेल्वेत पोर्टर झाले. ते गाडीवर निघण्याआधी प्रत्येक मुलाला पियानोचा धडा नेमून देत आणि परत आले की सगळ्यांना वाजवून दाखवावे लागे. बूट पॉलिश करणाऱ्या माणसाच्या घरी पियानो होता आणि तो आपल्या लेकरांचा मास्तर होता! ऑस्करची बहीण डेझी पुढे वस्तीतल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या पियानो शिकवीत राहिली. ऑस्करचे नाव जगाला माहीत आहे, पण डेझीचे काम त्याच्या तोडीचे आहे, असे माझे मत आहे. तिच्यासारख्या बायका प्रत्येक वस्तीत असतात आणि त्यांचीच नावे आपण आधी विसरतो.

युनियनचेही तसेच झाले. कॅनडातल्या रेल्वे कामगारांच्या मोठ्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व गोऱ्यांपुरतेच होते. तेव्हा १९१७ मध्ये विनिपेगच्या जॉन आर्थर रॉबिन्सन आणि त्यांच्या साथीदारांनी पोर्टरांची स्वतंत्र संघटना काढली. त्यानंतर दोन वर्षांनी मोठ्या संघटनेला ती वर्णाची अट काढावी लागली. पुढे अमेरिकेतले पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या ब्रदरहूडने कॅनडात पाय रोवले आणि १९४५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकशी करार करून घेतला. पगार वाढला, झोपेचे तास ठरले, आणि डब्यात पोर्टरचे खरे नाव लिहिलेली पाटी लागली. कंडक्टरच्या जागेवर कृष्णवर्णीय माणूस बसायला मात्र १९५५ उजाडले. मनमाडला बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला होता. कामगार तितुका एक, हे खरेच, पण ज्या युनियनमध्ये वरच्या जातीचा कामगार आपल्याच खालच्या कामगाराची बढती अडवतो, तिथे खालच्याने काय करावे? त्याने स्वतःची संघटना केली तर फूट पाडली असा आरोप. रॉबिन्सनवरही तो झाला असेल, बाबासाहेबांवर तर झालाच.

आता शाळेकडे वळतो, कारण आजच्या विषयाचे काळीज तिथे आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. १८५१ मध्ये अमेरिकेतून सरहद्द ओलांडून कॅनडात गेलेल्या मेरी अॅन शॅड या तरुण कृष्णवर्णीय शिक्षिकेने विंडसर गावात शाळा काढली आणि ती सगळ्या वर्णांच्या मुलांना खुली ठेवली. दोनच वर्षांनी तिने स्वतःचे वर्तमानपत्र सुरू केले. वर्तमानपत्र चालवणारी त्या खंडातली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. इकडे १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. सावित्रीबाईंना शॅडचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, शॅडला सावित्रीबाईंचे नाही. पण जोतीरावांची नजर तिकडे होती. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांची मुक्तता केली त्यांना अर्पण केले. पुण्याच्या गंज पेठेत राहणारा माळी समाजातला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाच्या लढाईशी आपला धागा जोडतो, त्या काळात! आपल्या शिरूरलाही अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि त्या मिशनच्या शाळांतून जातीने अडवलेली मुले शिकली. मिशनऱ्यांचे हेतू धर्मप्रसाराचे होते, हे उघड आहे. तरी पाटी हातात आली ती आली.

कॅनडाचे सरकारी चित्र असे, की अमेरिकेतून पळालेल्या गुलामांना आसरा देणारा तो पुण्यवान देश. ते चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. कॅनडातही गुलामगिरी होती, ती १८३४ मध्ये साम्राज्यभरच्या कायद्याने संपली. १८५० च्या कायद्याने ऑन्टारिओत कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा काढायला मुभा दिली, आणि ते कलम कायद्याच्या पुस्तकातून निघाले १९६४ मध्ये, लेनर्ड ब्रेथवेट यांनी प्रांताच्या विधिमंडळात आवाज उठवल्यावर. नोव्हा स्कोशियात वेगळी शाळा १९८३ पर्यंत चालू होती. याच नोव्हा स्कोशियात १९४६ मध्ये व्हायोला डेस्मंड ही व्यावसायिक स्त्री सिनेमागृहात खालच्या जागेवर बसली. ती जागा गोऱ्यांची, म्हणून तिला ओढून बाहेर काढले, रात्रभर कोठडीत ठेवले आणि दंड केला. आरोप काय? तर वरच्या आणि खालच्या तिकिटातल्या करमणूक कराचा एक सेंटचा फरक तिने बुडवला. वर्णाचा उल्लेख खटल्यात कुठेच नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या समाजात अन्याय असाच नियमाच्या आडून येतो. महाराष्ट्राला आपण पुरोगामी म्हणतो, तेव्हा हे ध्यानात ठेवलेले बरे. व्हायोला डेस्मंडला मरणोत्तर माफी मिळाली २०१० मध्ये, आणि २०१८ पासून तिचे चित्र कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे.

त्याच प्रांतात हॅलिफॅक्स शहराच्या कडेला आफ्रिकव्हिल नावाची वस्ती होती. शंभराहून अधिक वर्षांची. शहराने तिथे पाणी दिले नाही, गटारे दिली नाहीत, उलट शेजारी कचऱ्याचे आगार आणून टाकले आणि मग वस्ती घाणेरडी आहे म्हणून १९६० च्या दशकात ती उठवली. ज्यांच्याकडे जमिनीची कागदपत्रे नव्हती त्यांच्या हातावर ५०० डॉलर टेकवले. काहींचे सामान शहराच्या कचरागाड्यांतून हलवले. १९६७ मध्ये एका रात्री त्यांचे चर्च पाडले. कागद नाही म्हणून हक्क नाही. वतनाच्या जमिनी, गायरानाचे तुकडे, सातबाऱ्यावर न चढलेली नावे हे ज्यांनी शिरूर-दौंडच्या तलाठी कार्यालयांत अनुभवले आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. पण आफ्रिकव्हिलच्या लोकांनी एक केले. ते १९८३ पासून दरवर्षी उन्हाळ्यात त्या मोकळ्या जागेवर एकत्र जमू लागले. तंबू ठोकायचे, जेवायचे, कोणाचे घर कुठे होते ते लेकरांना दाखवायचे. अखेर २०१० मध्ये शहराने जाहीर माफी मागितली आणि चर्च पुन्हा बांधून दिले.

आता बायकांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडाला कामाला माणसे हवी होती, पण कॅरिबियन बेटांवरचे कृष्णवर्णीय लोक नको होते. १९५४ मध्ये बार्बाडोसहून आलेले डोनाल्ड मूर, स्टॅन्ली ग्रिझल आणि इतर अनेक जण ऑटावाला शिष्टमंडळ घेऊन गेले आणि त्यांना अडवणाऱ्या स्थलांतराच्या कायद्याचा जाब विचारला. पुढच्या वर्षी सरकारने एक फट उघडली. जमैका आणि बार्बाडोसमधून अविवाहित, मूल नसलेल्या तरुण स्त्रियांना घरकामासाठी यायची परवानगी. एक वर्ष गोऱ्यांच्या घरी राबायचे, मग राहायची मोकळीक. यांतल्या कितीतरी जणी आपल्या गावी शिक्षिका होत्या, कारकून होत्या. इथे येऊन भांडी घासू लागल्या. पुढे योजनेत आणखी बेटे आली. १९६० मध्ये ग्रेनाडाहून याच योजनेतून जीन ऑगस्टीन नावाची तरुणी टोरंटोला आली. घरकामाचे वर्ष संपवून तिने शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले, शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, आणि १९९३ मध्ये कॅनडाच्या संसदेत निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. १९९५ च्या डिसेंबरात तिने ठराव मांडला, की फेब्रुवारी महिना देशभर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळावा. ठराव मंजूर झाला.

पण हा महिना संसदेने जन्माला घातलेला नाही. अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये इतिहास सप्ताह सुरू केला होता. टोरंटोत १९७८ मध्ये डॅनियल हिल, विल्सन ब्रुक्स आदींनी ऑन्टारिओ ब्लॅक हिस्टरी सोसायटी काढली आणि १९७९ पासून टोरंटो शहर हा महिना पाळू लागले. आणि त्याच्याही आधी रस्त्यावरचे लोक होते. १९६८ मध्ये माँट्रियलच्या सर जॉर्ज विल्यम्स विद्यापीठात कॅरिबियन विद्यार्थ्यांनी एका प्राध्यापकाविरुद्ध वर्णभेदाची तक्रार केली. ती धसास लावली गेली नाही, म्हणून १९६९ मध्ये विद्यार्थी संगणक केंद्र ताब्यात घेऊन बसले. शेवट आगीत आणि ९७ जणांच्या अटकेत झाला. त्या विद्यापीठाच्या आजच्या वारसाने, कॉन्कॉर्डियाने, माफी मागितली ती २०२२ मध्ये. त्याच १९६९ मध्ये टोरंटोत आईबापांनी आणि विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी शिकवणीवर्ग चालवायला सुरुवात केली. कारण शाळेत बेटांवरून आलेल्या मुलाच्या इंग्रजीचा हेल ऐकला की त्याला मंद ठरवून खालच्या वर्गात टाकत. तुमच्या-आमच्या मुलांनी घरची बोली वर्गात बोलली की ‘अशुद्ध’ म्हणून ज्या नजरेने बघतात, ती नजर तुम्हाला ओळखू येईल. या वर्गांत गणित होते, भाषा होती आणि आपला इतिहास होता. तिन्ही एकत्र.

आपण इथे एप्रिलमध्ये बसलो आहोत, त्याचाही या साखळीशी संबंध आहे. २०१५ पासून देशात आणि परदेशात राहणाऱ्या दलित कार्यकर्त्या स्त्रियांच्या पुढाकाराने एप्रिल हा दलित इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो, आणि त्याची प्रेरणा त्या फेब्रुवारी महिन्याची आहे. मार्च २०२३ मध्ये टोरंटोच्या शाळा मंडळाने आपल्या शाळांतही जातीचा छळ होतो हे मान्य करणारा ठराव केला. माणूस जात घेऊन विमानात बसतो, हे तिथल्या मुलांनी शाळेत सोसले होते, म्हणून तो ठराव झाला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी करणाऱ्यांत नामदेव ढसाळ होते. त्यांचे गाव पूर-कनेरसर, इथून शेजारच्याच खेड तालुक्यातले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याविषयी मराठीत लिहिले, गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. हा संवाद जुना आहे. आपण तो पुढे न्यायचा आहे.

आता आपल्या दारात येतो. या शिरूरला, म्हणजे घोडनदीला, कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची आठशेच्या वर माणसांची तुकडी इथून पुण्याकडे निघाली. मुंबई फौजेची पलटण, घोडेस्वार, दोन तोफा. रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोहोचली आणि समोर बाजीरावाची प्रचंड फौज. दिवसभर लढाई, अन्न नाही, पाणी नाही. ३ जानेवारीला वाचलेले लोक पुन्हा शिरूरला परतले. म्हणजे कोरेगावची गोष्ट शिरूरला सुरू होते आणि शिरूरलाच संपते, हे शिरूरच्या शाळांत शिकवले जाते का, हे शिक्षकांनी सांगावे. पेरणे गावच्या हद्दीत १८२१ मध्ये या लढाईच्या स्मारकस्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर मेलेल्या ४९ जणांची नावे आहेत, त्यांतली २२ ‘नाक’ जोडलेली, महार सैनिकांची.

ते २२ जण त्या रात्री जातीविरुद्ध लढायला निघाले होते असे मला वाटत नाही. ते पलटणीचे शिपाई होते, हुकूम होता, पगार होता. स्तंभ उभारणाऱ्या इंग्रजांच्या मनात तर फक्त आपला विजय होता. अर्थ दिला तो मागून आलेल्यांनी, आणि तो अर्थ मला त्या विजयापेक्षा मोठा वाटतो. छावणीने या समाजाला बंदुकीबरोबर शाळाही दिली होती. शिपायांच्या मुलांना शिकवणारे सुभेदार रामजी सकपाळ त्याच पलटणीच्या जगातले. मग १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पगार गेला आणि शाळाही गेली. तेव्हा पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज लिहायला घेतले. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढले, १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले, की आमच्या बापजाद्यांनी रक्त सांडले, आम्हाला का डावलता? पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, लगेच १९२१ मध्ये मोडली. या अपमानानंतर १ जानेवारी १९२७ रोजी कांबळे आणि बाबासाहेब त्या स्तंभापाशी सभेला उभे राहिले. कोरलेल्या दगडाला तोवर शंभराहून अधिक वर्षे कुणी आपल्या बाजूने वाचले नव्हते. त्यांनी वाचले. अडीच महिन्यांत महाडचे तळे आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता.

१ जानेवारीला तिथे जाणारे तुम्ही बहुतेक जण आहात. स्तंभाला मानवंदना दिली की माणसे कुठे जातात? पुस्तकांच्या दुकानांकडे. संविधानाची प्रत, फुल्यांचे वाङ्मय, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’, लहान मुलांसाठी चित्रांची चरित्रे. पाय दुखत असताना, पोरगं कडेवर असताना, मजूर बाई पदराची गाठ सोडून पुस्तक घेते. कुठल्याही विद्यापीठाच्या आवारात मी असे पाहिलेले नाही. टोरंटोच्या शनिवारच्या वर्गांइतकीच ती शाळा आहे, फक्त तिला फळा नाही. २०१८ मध्ये याच रस्त्यावर हिंसा झाली, दगड पडले, दुकाने जळाली, शेजारी शेजाऱ्याला परका झाला. त्या जखमेवर सणसवाडी, कोरेगाव, वढू या गावांतल्या सगळ्या समाजांच्या मुलांनी एकत्र बसून हा इतिहास वाचणे, हाच उपाय मला सुचतो. वेगवेगळ्या वर्गात बसून तो कळणार नाही.

पण स्तंभावर नावे आहेत म्हणून तो इतिहास टिकला. रुळावरच्या माणसांची नावे कुठे आहेत?

ग्रिझल यांनी १९८६-८७ मध्ये टेपरेकॉर्डर घेतला आणि देशभर फिरून म्हाताऱ्या झालेल्या पोर्टरांना आणि त्यांच्या बायकांना गाठले. पगार किती होता, कुणी कसे बोलवले, युनियनची पावती कशी लपवून ठेवली, सगळे विचारले. त्या ध्वनिफिती आज कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि कोणीही ऐकू शकतो. साधारण त्याच सुमारास मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार महाराष्ट्रभर हिंडत होत्या. आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध बायकांना भेटत होत्या, घरच्यांनीही ज्यांना कधी काही विचारले नव्हते अशा बायकांना. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. त्या दोघी तेव्हा गेल्या नसत्या तर महाड आणि काळारामाच्या सत्याग्रहातल्या अनेक बायकांची नावे कायमची बुडाली असती. एकेका बाईचा पत्ता शोधत, एसटीने जाऊन केलेले हे काम आहे. यासाठी ना मोठी संस्था लागली, ना मोठे अनुदान.

दौंड, पाटस, केडगाव, काष्टी, विसापूर या स्टेशनांच्या आसपास असे म्हातारे आणि म्हाताऱ्या आजही आहेत. ऐंशी ओलांडलेल्या. मनमाडच्या परिषदेला त्यांचे वडील गेले होते का, हे विचारायला आता फार दिवस उरलेले नाहीत. माझी संयोजकांना विनंती आहे, की पुढच्या वर्षीच्या व्याख्यानांचा एक दिवस कमी करावा आणि तो खर्च या कामाला द्यावा. कॉलेजच्या मुलामुलींच्या जोड्या कराव्यात, एक विचारणारा, एक लिहून घेणारा. काय विचारायचे? रेल्वेत कसे लागलात, शब्द कुणी टाकला. पहिला पगार किती. क्वार्टर मिळाले तेव्हा शेजारी कोण होते आणि ते कसे वागले. पाणी कुठे भरायचे. गँगमध्ये डबा कुणाबरोबर खायचा. मुकादम कोण व्हायचा आणि कोण होऊ शकत नव्हता. शाळेत कुणी घातले, घरात पहिले पुस्तक कोणते आले. आणि हे सगळे आजोबांना विचारून झाले की आजीला वेगळे बसवून पुन्हा विचारायचे, कारण तिची उत्तरे वेगळी असतात.

मोबाईलवर ध्वनिमुद्रण होते, पण मोबाईल बदलला की तेही जाते. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या दोन प्रती, एक वाचनालयात, एक त्या घरात. माणसाचे नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच बोलून घ्यायची. परवानगी घ्यायची, जे छापू नका म्हणतील ते छापायचे नाही. नियुक्तीचे पत्र, पगाराची पावती, युनियनचे कार्ड, परिषदेचे हस्तपत्रक असे काही पत्र्याच्या पेटीत निघाले तर त्याचा फोटो काढायचा आणि मूळ कागद त्यांच्याच पेटीत परत ठेवायचा.

दाराशी एक वही ठेवलेली आहे. ज्यांच्या घरात कुणी गँगमन, कीमन, खलाशी किंवा सफाई कामगार होते, त्यांनी जाताना त्या माणसाचे नाव, गाव आणि स्टेशन तेवढे लिहून जावे. जय भीम.